नवीन इंजेक्शन आलंय म्हणे… मेंदूच्या आजारांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात स्मृतिभ्रंशावर, म्हणजे डिमेन्शियावर, दोन पानं लिहिली आणि त्यानंतर मेलवर, व्हॉट्सॲपवर इतके प्रश्न आले की सगळे घ्यायचे तर अख्खा अंक त्यातच संपेल, म्हणून जे पुन्हापुन्हा विचारले गेलेत ते घेतेय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. २६ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे केसापेक्षा पातळ काप करायचे आणि काचेवर चढवून रंगवायचे, आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं मेंदूचेच काप केले. त्यामुळे डोस किती घ्यायचा हे मी सांगणार नाही, ते तुमच्या न्यूरोलॉजिस्टनी सांगायचं. पण रिसर्चमध्ये नक्की काय सापडलंय आणि काय अजून सापडलेलं नाही, हे नीट वाचून सांगू शकते.

ताई नमस्कार. माझे बाबा ७१ वर्षांचे, एसटीतून रिटायर झालेत. दोन वर्षं विसरायला लागलेत, आता डॉक्टर म्हणाले अल्झायमर आहे, सुरुवातीची स्टेज. फॅमिली ग्रुपवर मेसेज आलाय की अमेरिकेत अल्झायमर बरा करणारं इंजेक्शन निघालंय. मोठा भाऊ म्हणतो गावाकडची जमीन काढू पण बाबांना द्यायचंच. काय करावं? (कर्वेनगर)

दादा, जमिनीचं आधी थांबवा, मग पुढचं वाचा.

मेसेजमध्ये अर्धं खरं आहे. इंजेक्शन आहे, लेकॅनेमॅब त्याचं नाव, अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये त्याला पूर्ण मंजुरी मिळाली, आणि तसंच दुसरं डोनानेमॅब, त्याला जुलै २०२४ मध्ये मिळाली. पण "बरा करणारं" हे शब्द ज्याने कोणी मेसेजमध्ये घातले त्याने लोकांचं फार नुकसान केलंय, कारण बरं कोणीही झालेलं नाही.

ही औषधं करतात काय ते समजायला थोडं मागे जावं लागेल. १९०१ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टला ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई हॉस्पिटलमध्ये आली, विसरायची, नवऱ्यावर संशय घ्यायची, स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर मध्येच अडकायची. १९०६ मध्ये ती गेली आणि डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे काप चांदीच्या स्टेनने रंगवून बघितले. तो स्टेन मी हाताने केलाय. सिल्व्हर नायट्रेट असतं, ग्लोव्ह जरा फाटला की बोटांची टोकं आठवडाभर काळी राहतात. मायक्रोस्कोपखाली पिवळट तपकिरी मैदान दिसतं आणि त्यावर जागोजागी काळे ठिपके, जुन्या वहीवर शाई झिरपून पसरावी तसे, हे पेशींच्या बाहेर साठलेले प्लाक, ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे. आणि पेशींच्या आत काळ्या दोऱ्याचा गुंता, तो टाऊ नावाच्या प्रथिनाचा. डॉ. अल्झायमरनी याच दोन गोष्टी बघितल्या, आणि आजही निदानाचा पाया त्याच आहेत.

लेकॅनेमॅब यातलं ॲमिलॉइड साफ करतं, आणि ते खरंच करतं, स्कॅनमध्ये दिसतं. पण माणसाला किती फरक पडला? मोठ्या ट्रायलमध्ये १,७९५ लोक होते, सगळे तुमच्या बाबांसारखे सुरुवातीच्या स्टेजचे, निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाइनसारखं, १८ महिने. आजार किती वाढला हे मोजायला ० ते १८ अशी एक पट्टी असते, आकडा जितका जास्त तितका आजार जास्त. औषध नसलेले लोक सरासरी १.६६ ने घसरले आणि औषध घेणारे १.२१ ने. म्हणजे घसरले दोघेही. फरक ०.४५ चा, आणि त्यालाच "२७ टक्के" म्हणतात. हा २७ टक्के आकडा मेसेजमध्ये आला की लोकांना वाटतं माणूस २७ टक्के सुधारला, तसं नाहीये, कात्रजचा घाट उतरताना गाडीला थोडा ब्रेक लागला इतकंच, गाडी उतरतेच आहे आणि उलटी वर तर येतच नाही.

मी या औषधाला वाईट म्हणत नाही हां. शंभरहून जास्त वर्षं आपण नुसते ते काळे ठिपके बघत बसलो होतो, ते काढता येतात आणि काढले की आजार थोडा तरी मंदावतो हे पहिल्यांदा दिसलं, आणि माझ्यासारखीला ती फार मोठी गोष्ट वाटते. पण सुरुवातीला तरी दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यायचं, त्याआधी पेट स्कॅन किंवा पाठीतलं पाणी काढून ॲमिलॉइड आहे हे सिद्ध करायचं, मध्येमध्ये एमआरआय करायचे कारण दर आठातल्या साधारण एकाला मेंदूत सूज दिसली, बहुतेकांना त्रास झाला नाही पण काहींना गंभीर झाला, मृत्यूही झालेत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर धोका जास्त, एपीओई-फोर नावाच्या जीनच्या दोन कॉपी असतील तर अजून जास्त. आणि २०२३ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा किंमत होती वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर, फक्त औषधाची.

त्यापेक्षा आधी काय करा, बाबांचं बी-१२, थायरॉइड, शुगर, बीपी, कानाची टेस्ट हे सगळं झालंय का ते बघा. डोनेपेझिल नावाची गोळी १९९६ पासून आहे, आता जेनेरिकही मिळते, ती आजार थांबवत नाही पण काही जणांचं रोजचं थोडं सोपं होतं, ती चालू आहे का ते विचारा. त्यानंतरही इंजेक्शनचा विचार असेल तर न्यूरोलॉजिस्टना सरळ विचारा, बाबा त्या ट्रायलमध्ये बसले असते का?

आणि एक राहिलं. तुमच्या पूर्ण पत्रात भाऊ काय म्हणतो ते आहे, वहिनी काय म्हणतात ते आहे, आत्या काय म्हणतात तेही आहे. बाबा काय म्हणतात? सुरुवातीची स्टेज म्हणजे त्यांना अजून कळतंय, सही करता येतेय. बँकेचं नॉमिनेशन, मृत्युपत्र, जमिनीचं काय करायचं हे त्यांनाच समोर बसवून विचारा, आत्ताच, कारण दोन वर्षांनी हेच विचारायचं म्हटलं तर कदाचित विचारायला उशीर झालेला असेल.

माझ्या सासूबाईंना पार्किन्सन्स आहे, ६६ वय. त्यांचे भाऊ गावाहून खाजकुइलीचं चूर्ण पाठवतात, म्हणतात ॲलोपॅथी बंद करा. दुसरीकडे एक एजंट फोन करतोय की स्टेम सेलने कायमचा बरा होतो, चार लाख. नवरा दोन्हीकडे ओढला जातोय. (धायरी)

आधी एक प्रसंग सांगते. मेंदू ताजा असताना इतका मऊ असतो की कापताच येत नाही, म्हणून फॉर्मॅलिनच्या बादलीत दोन-तीन आठवडे ठेवतात, आणि तळाला टेकून चपटा होऊ नये म्हणून खालच्या बाजूच्या रक्तवाहिनीखालून दोरा घालून उलटा टांगतात. मग काप करतात. मी नवीन असताना सरांनी ट्रेमध्ये दोन काप शेजारी ठेवले, दोन्ही मिडब्रेनचे, म्हणजे मेंदूच्या देठाच्या वरच्या भागाचे, सुपारीहून थोडे मोठे. एकात दोन्ही बाजूंना काजळाने ओढावी तशी काळी रेघ होती. दुसऱ्यात रेघच नाही, फिकट, पुसून टाकल्यासारखी. सर काही बोलले नाहीत, मला बघू दिलं. ती काळी रेघ म्हणजे सबस्टान्शिया नायग्रा, डोपामिन तयार करणाऱ्या पेशींची वस्ती, आणि दुसरा काप पार्किन्सन्सच्या पेशंटचा. हात थरथरायला लागेपर्यंत त्या वस्तीतला बराच मोठा हिस्सा आधीच गेलेला असतो, आजार सुरू झालेला असतो कितीतरी वर्षं आधी.

आता खाजकुइली. मामांना एकदम खोटं पाडू नका, त्यात तथ्य आहे. खाजकुइलीच्या बियांमध्ये एल-डोपा असतं, ते १९३७ मध्ये मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी वेगळं काढून दाखवलं, आणि डॉक्टर देतात त्या गोळीतही एल-डोपाच असतं. अजून एक गंमत बघा, ते औषध म्हणून उपयोगी आहे हे कळलं तेही आपल्याच एका झाडामुळे. सर्पगंधेतून रेसरपिन नावाचं औषध काढलं होतं, स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमाराला ते सशांना दिलं तर ससे जागच्या जागी थिजले, मग एल-डोपा टोचलं तर उठून हलायला लागले. त्यातून मेंदूला डोपामिनची किती गरज आहे ते समजलं आणि २००० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मग चूर्ण का नको? कारण गोळीत एल-डोपा किती आहे ते मिलिग्रॅममध्ये माहीत असतं आणि सोबत कार्बिडोपा असतं, जे एल-डोपाला मेंदूत पोचायच्या आधीच रस्त्यात खर्च होऊ देत नाही. चूर्णात किती ते कोणालाच माहीत नाही, एका डब्यात कमी, दुसऱ्यात दुप्पट, आणि गोळीवर ते पडलं की डोस वाढून अंग वेडंवाकडं हलायला लागतं, बीपी पडतं, भास होतात. खाजकुइलीवर छोट्या ट्रायल झाल्यात, पण त्या मोजून-मापून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यामुळे चूर्ण देताय हे न्यूरोलॉजिस्टना सांगा, लपवू नका, आणि गोळी स्वतःच्या मनाने अचानक बंद तर बिलकुल करू नका, एकदम बंद केल्याने माणूस आयसीयूत जाऊ शकतो.

तुम्ही लिहिलंय की दुपारची गोळी "लागतच नाही". जेवणाबरोबर देता का? डाळ, पनीर, दूध यातली प्रथिनं आणि एल-डोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरायला एकच दरवाजा वापरतात, गर्दी झाली की गोळी बाहेरच राहते. जेवणाआधी अर्धा-एक तास गोळी घेऊन बघायचं का ते डॉक्टरांना विचारा, बऱ्याच घरांत तेवढ्याने फरक पडलाय.

आणि तो एजंट. नंबर ब्लॉक करा. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी. त्यांचं खरं काम चालू आहे, जपानमध्ये क्योटो विद्यापीठात सात पेशंटच्या मेंदूत प्रयोगशाळेत वाढवलेल्या डोपामिन पेशी घातल्या, त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले, पेशी जगल्या, गाठी झाल्या नाहीत. सात पेशंट, आणि मुख्य प्रश्न होता की हे सुरक्षित आहे का. ते लोक "कायमचा बरा" म्हणत नाहीत आणि हा फोनवरचा माणूस म्हणतोय! आपल्याकडे आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिची २०१७ ची नियमावली स्पष्ट आहे, रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच, आणि खऱ्या ट्रायलमध्ये पेशंटकडून औषधाचे पैसे घेत नाहीत. ट्रायल आहे म्हणाला तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, रजिस्ट्रेशन नंबर मागा, २००९ पासून तो बंधनकारक आहे.

ते चार लाख फिजिओ आणि चालण्यावर घाला. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, त्यांच्या सभांना सासूबाईंना घेऊन जा, नृत्यदिग्दर्शक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या लोकांसाठी डान्स क्लास सुरू केले तेही इथलेच. घरात पाय उचलत नसलेला माणूस ताल लागला की पाऊल टाकतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

बाबांना पॅरालिसिसचा ॲटॅक येऊन पाच महिने झाले, उजवा हात. कोणी म्हणतं सहा महिन्यांत जे येईल तेच, पुढे काही नाही. शाळेत शिकलो होतो की मेंदूच्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. मग व्यायाम कशासाठी करायचा? (वारजे)

शाळेत जे शिकवलं ते स्पेनचे मेंदूशास्त्रज्ञ काहाल यांच्यापासून चालत आलेलं, त्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी लिहिलं की मोठ्या माणसाच्या मेंदूत सगळं ठरून गेलेलं असतं. १९९८ मध्ये स्वीडन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणींच्या भागात मोठ्यांमध्येही नवीन पेशी बनतात, मग २०१८ मध्ये एका टीमने म्हटलं की बनतच नाहीत आणि त्याच वर्षी दुसरीने म्हटलं की म्हातारपणीही बनतात, भांडण अजून चालू आहे. पण तुमच्या बाबांच्या हाताचा त्या भांडणाशी संबंध नाही. हात येतो तो नवीन पेशींमुळे नाही, उरलेल्या पेशी नवीन जोडण्या करतात म्हणून, आणि त्या जोडण्या वापरल्याशिवाय होत नाहीत.

याची चांगली ट्रायल २००६ ची आहे, २२२ लोक, ॲटॅक येऊन तीन ते नऊ महिने झालेले. चांगल्या हाताला मोजा घालून बांधून ठेवला, जागेपणीच्या बहुतेक वेळ, दोन आठवडे, आणि दुबळ्या हाताकडून रोज तासन् तास काम करून घेतलं. नेहमीच्या उपचारांपेक्षा हात जास्त सुधारला आणि वर्षभरानेही ते टिकलं होतं. नऊ महिने झालेले लोकही त्यात होते म्हणजे सहा महिन्यांचं कुलूप कुठे राहिलं? वेग कमी होतो हे मात्र खरं, पहिले तीन महिने सोन्याचे. ज्यांची बोटं थोडी तरी उघडतात त्यांनाच ही पद्धत चालते, तर फिजिओला दाखवून विचारा. आणि सोपं म्हणजे घरात सगळे मिळून बाबांना भरवणं बंद करा. प्रेमाने भरवता हे कळतंय मला, पण उजव्या हातात चमचा द्या, पोहे सांडू देत, वाटीभर पोहे खायला पाऊण तास लागला तरी लागू दे.

बाकी वाचकांसाठी, तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय असं दिसलं की "सकाळपर्यंत बघू" करू नका. मोठी रक्तवाहिनी बंद झाली की मिनिटाला १९ लाख पेशी मरतात असा हिशोब आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते स्कॅन झाल्यावरच देतात, म्हणून ज्या हॉस्पिटलमध्ये चोवीस तास सीटी स्कॅन आहे तिथेच जा, आणि हे हॉस्पिटल कुठलं ते आजच माहीत करून ठेवा.

मिस्टरांची गाडी दोन महिन्यांपूर्वी नवले पुलाजवळ घसरली, हेल्मेट नव्हतं. सीटी नॉर्मल आला, दोन दिवसांत घरी सोडलं. पण आता माणूस वेगळाच झालाय, लहान गोष्टीवर ओरडतात, ऑफिसात लक्ष लागत नाही, मुलीवर हात उगारला. सगळे म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे, नाटकं करतायत. (आंबेगाव)

नाटकं नाहीत. हे आधी त्यांच्या आईवडिलांना वाचून दाखवा.

ताजा मेंदू मी हातात धरलाय, कापडात बांधून टांगलेल्या चक्क्यासारखा असतो, बोट लावलं की दबतो. तो कवटीत पाण्यात तरंगत असतो. गाडी घसरून डोकं आपटलं की कवटी थांबते आणि आतला चक्का पुढेमागे हलतो, पिळवटतो, आणि त्यात पेशींच्या लांब तारा ताणल्या जातात, तुटतात. सीटीत रक्त दिसतं, हाड मोडलेलं दिसतं. या तारा मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या जाड, त्या सीटीत दिसणार कशा? "नॉर्मल" याचा अर्थ ऑपरेशन करण्यासारखं काही नाही इतकाच.

आणि स्वभाव बदलतो हेही जुनं ज्ञान आहे. १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेच्या कामावर फिनियस गेज नावाच्या २५ वर्षांच्या मुकादमाच्या गालातून शिरून लोखंडी पहार डोक्यातून बाहेर गेली, तो वाचला, चालत-बोलत होता, पण त्याच्या डॉक्टरनी लिहून ठेवलंय की ओळखीचे लोक म्हणायचे हा पहिला गेज राहिला नाही. कपाळामागचा भाग रागाला लगाम घालतो, तिथे मार लागला की लगाम सुटतो.

न्यूरोलॉजिस्टकडे परत जा, यावेळी तुम्ही स्वतः बोला, त्यांना स्वतःतला बदल पूर्ण दिसत नसतो. एमआरआय आणि न्यूरोसायकॉलॉजीची टेस्ट होते का विचारा. ऑफिसात एकदम पूर्ण वेळ नको, झोप पूर्ण, दारू अजिबात नाही, दुसऱ्यांदा डोकं आपटणार नाही याची काळजी. बहुतेक लोक महिन्यांमध्ये सुधारतात. पण मुलीवर हात उगारला हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय, ते डॉक्टरांना पहिल्या ओळीत सांगा, आणि तसा प्रसंग आला की मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत जा, आजार आहे म्हणून मार सहन करायचा नसतो. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्री आहे, मराठीत बोलतात.

माझ्या स्वतःच्या वडिलांचं सांगते. बाथरूममध्ये पडले, त्या दिवशी सगळं ठीक. दीड महिन्याने गोंधळल्यासारखे वागायला लागले, चालताना झोक जायचा. ज्या हॉस्पिटलमध्ये नेलं तिथे दोनदा सांगितलं वय झालंय, डिमेन्शिया असेल, गोळ्या घ्या. मीच लॅबमधली, मीही गप्प बसले, ते अजून टोचतं. तिसऱ्यांदा दुसरीकडे सीटी केला तर कवटीखाली जुनं रक्त साठलेलं, मेंदू एका बाजूला दाबलेला. छोटं भोक पाडून ते काढलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी पेपर मागितला आणि चहा गोड झालाय म्हणून तक्रार केली. वय जास्त असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पडल्यानंतर आठवड्यांनीही हे होतं, म्हणून पहिल्या दिवशीचा नॉर्मल रिपोर्ट जन्मभराचा समजू नका.

हेल्मेटबद्दल पुण्यात बोललं की लोक चिडतात, आपल्या शहराने त्याविरुद्ध मोर्चे काढलेत. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब असा आहे की हेल्मेटमुळे डोक्याला मार लागायची शक्यता ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूची ४२ टक्क्यांनी कमी होते. पट्टा लावलेलं हेल्मेट, आरशाला अडकवलेलं नाही. यावर माझ्याकडे दुसरं मत ऐकून घ्यायची तयारी नाही, मी ते काप केलेत.

सिंहगड रोडला जीबीएसची साथ आली होती तो मेंदूचाच आजार ना? माझ्या भाचीला झाला होता, पुढे डिमेन्शिया होईल का? (नांदेड गाव)

नाही आणि नाही. जानेवारी २०२५ मध्ये तुमच्या भागात दोनशेच्या वर पेशंट सापडले तो गियाँ-बारे सिंड्रोम, बऱ्याच जणांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू निघाला, दूषित पाण्या-अन्नातून येणारा. शरीराची प्रतिकारशक्ती त्या जंतूशी लढताना चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते, पण त्या मेंदूबाहेरच्या नसा, हातापायांकडे जाणाऱ्या. मेंदू शाबूत असतो, म्हणून तर व्हेंटिलेटरवरच्या पेशंटलाही सगळं कळत असतं. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, तर भाचीची पावलं सगळ्यात शेवटी सुधारतील, तेवढा धीर ठेवा.

शब्दकोडं सोडवल्याने, दोन-तीन भाषा बोलल्याने डिमेन्शिया टळतो का? मी निवृत्त शिक्षिका, वय ६९, मराठी, हिंदी, कानडी तिन्ही येतात. (सदाशिव पेठ)

बाई, भाषांवरचा एक फार चांगला अभ्यास आपल्याच देशातला आहे, हैदराबादचा, डॉ. सुवर्णा अल्लाडी यांचा, २०१३ मध्ये आला. डिमेन्शियाचे ६४८ पेशंट घेतले, त्यात दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, आणि मला भावलेली गोष्ट म्हणजे ज्यांना लिहिता-वाचताच येत नव्हतं त्यांच्यातही हा फरक होता, म्हणजे हा नुसता शिक्षणाचा परिणाम नाही. टळतो असं नाही म्हणता येणार, लांबतो असं दिसतं. शब्दकोडं आवडतं म्हणून सोडवा, पण फक्त कोड्याने शब्दकोडंच चांगलं यायला लागतं.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की कमी ऐकू येतं पण मशीन लावायला लाज वाटते. लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांच्या कमिशनने २०२४ मध्ये १४ गोष्टी सांगितल्या, त्या सांभाळल्या तर जगातले साधारण ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा अंदाज आहे, आणि त्यात कमी ऐकू येणं हे सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक आहे. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, एकटेपणा, हवेतलं प्रदूषण हे सगळं त्यात आहेच. पण तुमच्यासाठी एकच, कानाचं मशीन लावा. कानडीत गप्पा मारायच्या तर समोरचा काय बोलतोय ते ऐकू तर यायला हवं.

मी ७८ वर्षांचा, पत्नी अल्झायमरने गेली. माझा मेंदू संशोधनाला द्यायचाय. मुलीला हा विषय काढलेला आवडत नाही. कुठे जावं? (औंध)

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं.

देशातली मेंदूंची बँक बंगळुरूला निमहान्स या मेंदू आणि मानसिक आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत आहे, १९९५ पासून. पण मेंदू मृत्यूनंतर काही तासांत काढून थंड किंवा फॉर्मॅलिनमध्ये जावा लागतो, म्हणून पुण्याहून ते जमवणं अवघड, तरी त्यांना लिहून विचारा. जवळचा रस्ता म्हणजे देहदान, इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात फॉर्म मिळतो, तो भरताना मेंदूचा अभ्यास व्हावा अशी इच्छा आहे हेही सांगा. आणि जिवंतपणीही देता येतं. बंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूरच्या गावांत धडधाकट माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करायचा अभ्यास चालवलाय, त्यांची स्मरणशक्ती, रक्त, स्कॅन, सगळं, कारण आजार दिसायच्या आधी पंधरा-वीस वर्षं मेंदूत काय चाललेलं असतं ते अशानेच कळेल. पुण्यात तसा कुठला अभ्यास ६० च्या वरच्या लोकांना घेतोय का ते सीटीआरआयवर शोधता येतं, मुलीला शोधायला सांगा.

कारण मुद्दा मुलीचाच आहे. फॉर्म तुम्ही भराल, पण त्या दिवशी फोन तिलाच करावा लागेल, ती नको म्हणाली तर तुमच्या सहीचा उपयोग नाही. आई गेल्यावर तिला परत असलं काही डोळ्यांसमोर आणायचं नसेल, ते समजून घ्या.

तिला ऑगस्ट डेटरचं सांगा. ती गेली १९०६ मध्ये. तिची फाइल फ्रँकफर्टच्या तळघरात १९९५ मध्ये सापडली, आणि तिच्या मेंदूच्या काचा त्यानंतर म्युनिकला सापडल्या, नव्वद वर्षांनी, आणि माणसांनी त्या परत मायक्रोस्कोपखाली ठेवून बघितल्या, तेच काळे ठिपके, तोच गुंता. आम्ही लॅबमध्ये काचेवर नाव घालत नाही, नंबर घालतो. पण काच पुसताना, लेबल लावताना दोन्ही हातांनी धरतो, ती कोणाची तरी आई किंवा वडील असतात हे प्रत्येकाला माहीत असतं, हेही तिला सांगा, माझ्या नावाने सांगा.

घाई करू नका. एखाद्या रविवारी जेवणं झाल्यावर बोला, ती उठून गेली तर जाऊ द्या, पुढच्या रविवारी परत बोला. आणि तयार झाली की फॉर्मवर साक्षीदार म्हणून तिचीच सही घ्या.